९० टक्के कमी, पण कुणापेक्षा?

प्लांट-बेस्ड बर्गरमुळे बीफपेक्षा ९० टक्के कमी हरितगृह वायू निघतात, हा आकडा तुमच्या फीडमधून एकदा तरी गेला असेल. तो खोटा नाही. बियॉन्ड मीट कंपनीने सांगितल्यावरून मिशिगन विद्यापीठात २०१८ साली तो काढला गेला. पण ती तुलना अमेरिकी बीफशी आहे. भोर-वेल्ह्यातल्या किंवा राजगड चढून संध्याकाळी पुण्यात परतणाऱ्या बहुतेकांच्या ताटात ते बीफ होतं कधी? ज्यांच्या ताटात बैलाचं होतं, त्यांच्याकडून ते २०१५ च्या कायद्याने काढून घेतलं. उरलं म्हशीचं. आणि रितेश-जेनेलिया देशमुखांच्या इमॅजिन मीट्ससारखे आपले ब्रँड नक्कल करतात ती चिकन-मटणाची.

मग तुलना त्यांच्याशीच करा की! पूर आणि नेमेचेक यांचा २०१८ चा जागतिक हिशोब पाहा. १०० ग्रॅम प्रथिनांमागे कार्बन डायऑक्साइडच्या मापात: खास मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ सुमारे ५० किलो, दुधाच्या गुरांचं १७, कोंबडी ६ च्या आत, टोफू २. कडधान्यं? १ किलोच्याही खाली.

म्हणजे बीफसमोर तोरण्याएवढा दिसणारा फायदा कोंबडीसमोर टेकडीएवढा होतो. आणि उसळीसमोर तोटाच. कारण वाटाणा दळायचा, त्यातली प्रथिनं वेगळी काढायची, तेल नि चव घालून टिक्की करायची, गोठवायची आणि थंड गाडीतून दुकानात आणायची. इकडे भात काढल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, पावटा येतो. मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे युरियाही कमी लागतो.

गावाकडचं सगळं निर्मळ, हा भाबडेपणा मात्र नको. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो, म्हशीच्या रवंथातूनही निघतो. ती डोंगरउतारावर चरते म्हणून काही कमी निघत नाही. पण ती दूध देते, शेण देते. बैल चिखलणी करतो. या जनावरांना फक्त मांसासाठी पोसलेल्या अमेरिकी गुरांच्या रांगेत उभं करणं हा हिशोब नव्हे, जाहिरात आहे.

टेक्सासमधल्या कुणी बीफ सोडून ही टिक्की खाल्ली तर उत्तमच. पुण्यात ती विकणाऱ्याने बीफचा आकडा सांगायचा असेल, तर शेजारी पावट्याचाही छापावा. आणि किलोमागचा भावसुद्धा.