दान दिसलं, कष्टाचं वय दिसलं नाही

ज्योती लांजेवार यांची 'आई' ही कविता आपल्या कार्यक्रमांत अनेकदा वाचली जाते. शेवटाकडे येताना वाचणाऱ्याचा आवाज जड होतो, तिच्या तोंडच्या 'जय भीम'वर टाळ्या पडतात आणि सूत्रसंचालक 'त्यागमूर्ती मातेला' वंदन करून पुढच्या वक्त्याला बोलावतो. मित्रांनो, माझा आक्षेप या 'त्यागमूर्ती' शब्दाला आहे.

शाळेत आपण आईच्या ज्या कविता शिकलो, त्यांत एकटं असतं ते मूल. यशवंतांच्या 'आई'त काय आणि माधव जूलियनांच्या 'प्रेमस्वरूप आई'त काय, आई हयात नाही आणि पोरकं लेकरू तिला हाका मारतं. कविता चांगल्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांतल्या आईच्या दिवसाचा, कामाचा, वयाचा हिशोब कुठे सापडत नाही. हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या कवितांत आई वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसलेली असते आणि मुलगा परदेशात असतो. तेही दुःख खरं, पण ते मोठं घर आणि परदेशी नोकरी असलेल्यांचं. हाच चष्मा लावून लांजेवारांची आई वाचली की घोटाळा होतो.

या कवितेत म्हातारपण कुठे आहे ते शोधून पाहा. सुरकुत्या आणि काठीवर ती रेंगाळत नाही. ती कामं दाखवते. बाभळीला झोळी बांधून रस्त्यावर डांबर वाहणारी बाई, रोजगार हमीवर मातीची पाटी उचलणारी, पोटुशी असताना उंच इमारतीच्या परांचीवर चढणारी, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणारी. आणि अखेरच्या घटकेला ती दीक्षाभूमीसाठी जे पैसे मोजते, ते चिंध्या वेचून कमावलेले. नीट बघा, तरुणपणी डोक्यावर पाटी आणि मरताना हातात भंगारातली नाणी. मध्ये बसून खायचं वय आलंच नाही. आपण टाळी वाजवतो ती दानाला. ती नाणी कोणत्या वयात, कोणत्या उकिरड्यावरून आली, हे विचारायचं राहून जातं.

आता एकटेपणाचं बघू. मनुस्मृतीने बाईला बाप, नवरा आणि मुलगा असे तीन राखणदार नेमून दिले. या आईचा एकुलता मुलगा पोलिसांच्या गोळीने जातो. रुळलेल्या कवितेत इथून पुढे पदराने डोळे पुसणारी म्हातारी आली असती. ही बाई मात्र पोलिसांनाच सुनावते, आणखी पोरं असती तर तीही लढली असती म्हणून. एवढ्यावर आपण खूश होतो आणि पुस्तक मिटतो. पण ज्या चळवळीसाठी पोरगा गेला, ती चळवळ त्याच्या आईच्या म्हातारपणी कुठे होती? पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे ही नामांतराच्या शहिदांची नावं आपण दर १४ जानेवारीला घेतो. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

कवितेतलं खरं एकटेपण मला साडीत दिसतं. सुरुवातीला लेक म्हणते की आईच्या अंगावर भारी साडी कधी दिसली नाही. ती गरिबी झाली. शेवटी साडी पुन्हा येते, पण आता लेक म्हणते की नव्या साडीची इच्छा करतानाही तुला पाहिलं नाही. यावर आपले वक्ते सांगतात, बघा, मातेला मोहच नव्हता! असं कविता कुठे म्हणते? लेकीला इच्छा दिसली नाही, एवढंच ती म्हणते. इच्छा नव्हती, की बोलून दाखवायला जागा नव्हती? सगळी कविता लेकीच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. आई लेकरांना शिक म्हणते, मरताना एकजुटीने राहा म्हणते, स्वतःला काय हवंय यावर मात्र अक्षर काढत नाही. भरल्या मोर्चात पुढे चालणारी ही बाई तिथे एकटी आहे.

कवितेचा पेन्शनचा अर्ज करून टाकलास, असं एक मित्र मला म्हणाला. म्हणू दे. आईपणाला पान्हा आणि मायेतून बाहेर काढून कायद्यासमोर उभं करणारे पहिले आम्ही नव्हे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे. बाळंतिणीला विश्रांतीचा हक्क असेल, तर पासष्टीतल्या चिंध्या वेचणारीला का नको?

सरकार देतं ते काय, तेही पाहा. ६५ वर्षांपुढच्या निराधारांसाठीच्या योजनेचं नावच 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना'. म्हणजे आयुष्यभर रस्ते आणि इमारती बांधलेल्या बाईला मिळणारे महिना १,५०० रुपये कावड वाहणाऱ्या आज्ञाधारक पोराच्या नावाने. एका विद्यापीठाच्या नावासाठी १६ वर्षं लढलेल्या आपल्याला हे नाव खटकतही नाही!

येत्या १४ एप्रिलला कविता जरूर वाचा. फक्त मंडपाच्या बाजूला एक टेबल लावा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांचे अर्ज भरायला दोन पोरं बसवा. उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक, यातलं एक ना एक अडतंच. ते घेऊन तहसीलला कोण जाणार, हे त्याच दिवशी ठरवा.