तुरुंगाच्या दाराशी तुटणारा उपचार

मनोरुग्ण कैदी हा कैदी असला तरी प्रथम रुग्ण असतो, हे तत्त्व भारतीय कायद्याने स्वीकारले आहे. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 103 अन्वये प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची व्यवस्था उभारणे शासनावर बंधनकारक आहे. गजाआडच्या उपचारांची सोय अशी कागदावर तरी झाली. प्रश्न उरतो तो गजाबाहेरच्या पहिल्या दिवसाचा.

याच अधिनियमाच्या कलम 98 प्रमाणे मनोरुग्णालयातून रुग्णास घरी सोडताना मानसोपचारतज्ज्ञाने त्याच्याशी विचारविनिमय करून पुढील उपचारांची योजना आखावयाची असते. परंतु ही तरतूद मानसिक आरोग्य आस्थापनांपुरती आहे. साध्या बराकीत राहून रोज गोळ्या घेणारा कैदी न्यायालयाच्या हुकमाने सुटतो, तेव्हा तो या तरतुदीच्या कक्षेत येत नाही.

अशा कैद्यांची अडचण समजण्यासाठी तुरुंगांतील लोकसंख्येचे स्वरूप पाहावे लागेल. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार बंदी होते आणि त्यांपैकी तीन चतुर्थांश न्यायाधीन होते. शिक्षा झालेल्याच्या सुटकेचा दिवस आधी ठाऊक असतो. न्यायाधीन बंद्याचा नसतो. जामिनाचा हुकूम येतो आणि मनुष्य त्याच संध्याकाळी बाहेर पडतो. अशा वेळी डॉक्टरांस ते कळविण्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मनोविकारावरील औषध एकाएकी थांबले, तर आजार उलटण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे 12.7 पट असल्याचे त्यात आढळले. त्या मृत्यूंत अमली द्रव्यांचा वाटा मोठा असल्याने तो आकडा भारतास जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. तथापि सुटकेनंतरचा पहिला पंधरवडा किती नाजूक असतो, याचा इशारा त्यातून मिळतो.

या दुर्लक्षाचे मूळ बव्हंशी हिशेबाच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात तुरुंग गृह खात्याकडे, तर मनोरुग्णालये आरोग्य खात्याकडे आहेत. पुण्यात येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय एकाच परिसरात आहेत. तरीही सुटलेल्या बंद्याची उपचारांची नोंद पलीकडे पोचविणे हे कोणाचे काम, याचे उत्तर सहज मिळत नाही. महिनाभराच्या गोळ्यांचा खर्च एका खात्याच्या नावे पडतो. आजार उलटल्यास अडणारी खाट, पोलिसांचा वेळ आणि कुटुंबाची बुडालेली मजुरी यांची बेरीज मात्र कोणत्याच खात्याच्या वहीत दिसत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ मुळातच थोडे आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु येथे नवे तज्ज्ञ नेमण्याआधी करता येण्याजोगे बरेच आहे. जामिनाची सूचना तुरुंगाच्या दवाखान्यास त्याच वेळी द्यावी. बाहेर पडणाऱ्याच्या हाती महिनाभराचे औषध, उपचारांचा कागद आणि पुढील तपासणीची तारीख द्यावी. 1996 मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठी उपयोगी पडू शकतो. ज्यांना घरदार नाही, त्यांच्यासोबत समाजसेवक असावा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम करीत आहे. त्या अनुभवाचा लाभ घेता येईल. मात्र उपचारांचा कागद रुग्णाच्या हाती राहावा, पोलीस ठाण्याच्या दप्तरात नव्हे. अन्यथा आजाराचा शिक्का हीच दुसरी शिक्षा ठरेल.

न्यायालयाने माणसास मुक्त केले, की शासनाचे त्याच्याविषयीचे कर्तव्य संपले, असे मानण्याची प्रथा आहे. ज्याला शासनानेच काही महिने औषध दिले, त्याचे औषध शासनाच्याच दाराशी तुटावे, हे न्यायाला धरून नाही आणि काटकसरीलाही.