नातं नको, लेखी द्या

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एका बँकेचा मेळावा झाला. विषय काय, तर 'बँकेशी तुटलेले नाते पुन्हा जोडा'. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर पाण्याची बाटली. साहेब आले, मेणबत्ती लावली, हार घातला आणि पाऊण तास आम्हाला शिकवलं की विश्वास तुम्ही मोडलात, तेव्हा जोडायचाही तुम्हीच. आमचेच चार शिकलेले बंधू माना डोलवत होते. एकानं तर आभार मानताना सांगितलं, 'साहेबांचं खरं आहे, आपल्या समाजाला शिस्त नाही.'

मी तिसऱ्या रांगेत होतो. रात्रपाळी करून तसाच आलेलो. डोळे चुरचुरत होते, केसांत कापूस. उठून बोलायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. म्हणून इथं लिहितो.

नातं म्हणे. कुठलं नातं, साहेब? सोयरीक केव्हा झाली होती? माझ्या आज्यानं जन्मात बँकेची पायरी पाहिली नाही. १९६९ साली १४ बँका सरकारच्या झाल्या तेव्हा तो गावात सावकाराच्या ओसरीखाली उकिडवा बसून अंगठा उठवत होता. किती लिहिलंय ते सावकार तोंडी सांगायचा आणि आजा मान हलवायचा. माझा बा पहिल्यांदा बँकेत गेला तेव्हा कर्ज द्यायच्या दिवशीसुद्धा साहेब त्याला 'अरे, इथं सही कर' म्हणाला. शेजारच्या खुर्चीवरच्या सूतव्यापाऱ्याला 'तुम्ही', 'बसा', 'चहा घेणार?' नातं असलंच तर ते त्या खुर्चीशी होतं. आम्ही उभे होतो.

बँकेचं नाव लिहीत नाही. नाव लिहून काय उपयोग, सगळ्यांची खिडकी एकाच उंचीवर असते.

माझा बा इचलकरंजीत वीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर राबला. बारा बारा तास, उभ्यानं, धोट्याच्या खडखडाटात. एक कान गेला. डिसेंबर २०१५ मध्ये त्यानं तीन लाखाचं कर्ज काढून चार जुने साधे माग घेतले. शेड भाड्याची. खर्चीवाला झाला. बाहेरगावच्या वाचकाला सांगतो, खर्चीवाला म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग तेवढा आपला. मजुरी पिकावर, पैशात मोजून. म्हणवून घ्यायचं मालक आणि मिळवायची मजुरीच. तरी बा खूश होता. महारवाड्यातनं आलेल्या माणसाच्या नावावर यंत्र होतं. पहिल्या दिवशी आईनं मागाला हळदकुंकू लावलं. मी भांडलो तिच्याशी, बावीस प्रतिज्ञा सांगितल्या. आता वाटतं लावू द्यायचं होतं.

सहीला दुसरा माणूस पाहिजे होता. मला अठरा पूर्ण होऊन दोन-तीन महिने झाले होते. साहेब म्हणाला, 'पोरगं चालेल.' झालो सहकर्जदार. कागद मी वाचला नाही, वाचायला कुणी दिलाही नाही. शाळा नववीत सुटलेली. खरं वाचायला मी नंतर शिकलो, वाचनालयात, पाळीला जायच्या आधी दीड तास.

हप्ता ६,६७३ रुपये. नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, व्यापाऱ्यानं मजुरी जुन्या नोटांत टेकवली. जुलै २०१७ ला जीएसटी आला, बाजार थंड. हप्ता गेला. आईचं डोरलं गेलं, हप्ता गेला. ४३ हप्ते. पासबुकात आहेत, मी बोट ठेवून मोजलेत. मग ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा शेडमध्ये शिरली आणि आठ दिवस निघाली नाही. मोटारी जळाल्या, बीमावरचं सूत कुजलं. त्या सुताचे पैसे व्यापाऱ्यानं मजुरीतनं कापून घेतले.

हप्ते थांबले. दिवाळी झाली आणि खातं एनपीए झालं. पूरग्रस्त भागात कर्जाची फेररचना करून देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे निर्देश असतात, हे मला तीन वर्षांनी कळलं. तेव्हा खिडकीतल्या कुणी सांगितलं नाही. पुढं टाळेबंदीत, ऑक्टोबर २०२० ला, केंद्र सरकारनं २ कोटीपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचं व्याज परत द्यायची योजना काढली. अट काय, तर २९ फेब्रुवारी २०२० ला खातं एनपीए नसावं. म्हणजे पाण्यात हातपाय मारणाऱ्याला दोर. जो आधीच तळाला गेला त्याला नाही, कारण तो तळाला गेला.

वसुलीवाले दोघं यायचे. रात्री नऊला. सगळी चाळ दारात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये वसुलीवाल्यांबद्दल लिहून दिलं. तोवर आमच्या दारात येणारे येऊन गेले होते. ते गेल्यावर बा एवढंच म्हणाला, "बुडवायचं न्हवतं रं मला. बुडालं."

हे वाक्य साहेबांच्या पाऊण तासाच्या भाषणात कुठं बसतं? त्यांच्या फॉर्मात बुडणाऱ्याला आणि बुडवणाऱ्याला रकाना एकच.

२०२२ च्या लोकअदालतीत तडजोड झाली. बँकेच्या हिशेबानं येणं १ लाख ४८ हजार. ७५ हजारांवर मिटलं. माग भंगाराच्या भावानं किलोवर विकले, उरलेले बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्यातनं घातले. आता बेरीज करा. ४३ हप्त्यांचे २,८६,९३९ आणि हे ७५,०००. तीन लाख घेतले, ३,६१,९३९ भरले. हा माझा बा. हा बुडव्या.

आणि मोठ्यांचं? जून २०२१ ला मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणापुढं व्हिडिओकॉनचा आराखडा मंजूर झाला. दावे ६४ हजार कोटींच्या वर, देणार २,९६२ कोटी. शंभरातले पाचसुद्धा नाहीत. पुढं जानेवारी २०२२ ला अपिलात तो आराखडा रद्द झाला, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल अर्धंच सांगितलं. मार्च २०२५ ला सरकारनं संसदेत सांगितलं, दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जं निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, असंही सांगितलं. मान्य. पण त्यांच्या दारात रात्री नऊला दोघं उभे राहिल्याचं कुणी ऐकलंय?

८ जून २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं तडजोडीबद्दल परिपत्रक निघालं. जाणूनबुजून बुडवणाऱ्यांशीसुद्धा बँकेनं तडजोड करायला हरकत नाही, फौजदारी कारवाई आपल्या जागी चालू राहील, असं त्यात आहे. आणि तडजोड केलेल्याला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबावं, शेतीकर्ज सोडून. बँकेला ही मुदत वाढवता येते. आमच्या साहेबांनी वाढवली असणार. मला म्हणाले, 'सात वर्षं विसरा.' सात वर्षं कुठनं आली? पतमाहिती कंपन्यांनी नोंद किमान सात वर्षं जपून ठेवावी असा नियम आहे, तिथनं. नोंद ठेवायचा नियम. कर्ज न द्यायचा नव्हे. खिडकीपाशी येईपर्यंत दोन्ही एकच होतात.

पत, पत म्हणून ऊर बडवतात. ही पत नाही, ही ऐपत आहे. पत माणसाच्या शब्दाला असते. नोटाबंदीत, जीएसटीत, बायकोचं डोरलं मोडून जो ४३ हप्ते भरतो त्याची पत मोजायला यांच्याकडं माप नाही. मनूनं चार पायऱ्या केल्या. यांनी ३०० पासून ९०० पर्यंत सहाशे केल्या. फरक आहे हे कबूल. मनूच्या पायरीवरून वर जाता येत नव्हतं, इथं जाता येतं म्हणतात. मी जाऊन बघतोय. साहेबांनी सांगितलेल्या युक्त्या खोट्या नाहीत. मुदतठेव ठेवा, तिच्यावर कार्ड घ्या, थोडं वापरा, तारखेच्या आधी भरा, दहा ठिकाणी अर्ज टाकत फिरू नका. मी १५ हजारांची ठेव ठेवली. कार्डावर दर महिन्याला गॅसची टाकी घेतो आणि फेडतो. चौदा महिन्यांत ५६१ चे ६४८ झाले. माझेच पैसे त्यांच्याकडं गहाण, त्यातूनच मला उसने, आणि ते फेडले म्हणून माझी पाठ थोपटायची!

माझं काम सूतगिरणीत रिंग खात्यात. तुटलेला धागा सांधणं हा माझा धंदा. एका पाळीत किती सांधतो ते मोजत नाही कुणी. धागा तुटला तर जॉबर आधी साच्याचा वेग बघतो, ताण बघतो, पेळू कुठं पातळ आलाय ते बघतो. धाग्याला शिस्त नाही असं म्हणणारा जॉबर मी अजून पाहिला नाही. साहेब, तुमच्या खात्यात मात्र साचा कधीच चुकत नाही.

आता आमच्या दुसऱ्या बाजूकडं वळतो. माझा एक कवीमित्र आहे. तो म्हणतो, भरू नका, दमडी देऊ नका, १८७५ ला सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली तशी जाळा. दोस्त, तुझी कविता मला आवडते. पण काय जाळू? सुप्यात खत कागदाचं होतं, सावकाराच्या पेटीत होतं, पेटी गावात होती. माझं खत काचेच्या आत आहे. बँकेचं बोर्ड पेटवलंस तरी माझा आकडा ६४८ च राहील, वर गुन्हा दाखल होईल. आणि बँकेनं दार लावलं की आपल्या माणसाला कोण उघडतं? महिन्याला दहा टक्क्यानं देणारा. तो कुठल्या मेळाव्याला येत नाही, थेट चुलीपर्यंत येतो. बँक मला पाहिजे. आमच्या घामाच्या ठेवी तिच्यात आहेत. ज्यांच्या तसबिरीखाली हा मेळावा भरला त्यांनी १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला, १९२५ ला हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष दिली. ती माणसं पैसा जाळायला शिकवणारी नव्हती. पैशाचा हिशेब मागायला शिकवणारी होती. साहेबांनी मेणबत्ती लावली तेव्हा त्यांना वाटलं असेल, यांना तेवढंच कळतं.

आता मुद्द्यावर येतो, कारण हे मी हौसेनं लिहीत नाही. धाकटीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. स्कॉलरशिप आहे, पण ती येईल तेव्हा येईल. कॉलेज, वसतिगृह, मेस आधी मागतात. शैक्षणिक कर्जाला गेलो. सहकर्जदार म्हणून माझं नाव घातलं आणि पडद्यावर 'सेटल्ड' आलं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ ला म्हटलंय की सिबिल स्कोअर कमी म्हणून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारू नये. हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, 'ते केरळ.' मग आवाज उतरवून म्हणाले, तडजोडीत सोडलेले ते ७३ हजार भरून टाक, आपण 'क्लोज्ड' करून घेऊ, मग बहिणीचं बघू.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. ते ७३ हजार बँकेनं न्यायाधीशासमोर सही करून सोडले. आता तेच मागच्या दारानं. तरी मी घरी बसून हिशेब केला. भिशी, उचल, आईचा बचत गट, ओढूनताणून होतात. धाकटीसाठी भरीनही. कायद्यानं लागतात म्हणून भरणार नाही, माझी मर्जी म्हणून भरीन. दुसऱ्या दिवशी गेलो आणि म्हटलं, "साहेब, भरतो. एवढंच लेखी द्या, की ही रक्कम मिळाल्यावर अमुक दिवसांत नोंद बदलू, ना-देय दाखला देऊ, आणि या कारणावरून बहिणीचा अर्ज नाकारणार नाही."

साहेब हसले. "लेखी देता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेव ना. नातं विश्वासावर असतं."

बघा, आलं नातं. माझ्याकडनं घेताना सोळा ठिकाणी सह्या, आणि मला द्यायच्या वेळी तोंडी. आजा असाच तोंडी संपला. मी उठलो. पैसे खिशातच ठेवले.

विहारातले बंधू म्हणाले, जरा नमतं घ्यायला काय जातं, पोरीचं कल्याण होईल. धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "लेखी दिल्याशिवाय देऊ नको दादा. नाहीतर पुढं मला पण तोंडीच सांगतील." तिचं वर्ष जायची पाळी आहे. तरी असं म्हणाली. पहिल्या हप्त्याची फी सध्या गिरणीतल्या चौघांनी उसनी दिली आहे. ती सहा महिने पुरेल.

मग मी दुसरं काम केलं, जे मेळाव्यात कुणी सांगितलं नाही. वर्षातनं एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीनं आपला पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. मागवला. त्यात 'सेटल्ड' च्या खाली ७३,००० 'थकीत' दाखवलेत. निवाडा झाल्यावर थकीत कसे? तक्रार टाकली, निवाड्याची प्रत जोडली, पोच घेतली. एप्रिल २०२४ पासून नियम आहे की अशी तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रार करणाऱ्याला द्यायचे. ज्यांच्या घरात बँकेची पत्रं पडून आहेत त्यांनी ती घेऊन रविवारी विहारात यावं. दुपारी, माझी पाळी सुटल्यावर. मी वाचून दाखवीन, आणि अर्ज कसा लिहायचा तेही.

बा अजून बँकेच्या रस्त्यानं जात नाही. बाजारला निघाला की मागच्या गल्लीनं फेरा घालतो. काल त्याला तक्रारीची पोच दाखवली. चष्मा लावून तारीख बघितली, बोटं मोजली आणि माझ्याकडं बघितलं.

आज एकतिसावा दिवस. माझे शंभर रुपये थकले आहेत.