शाल ठीक, पण वही कोण घेणार?

कुलमेळाव्यातला कुलमंडळाच्या संस्थापकांचा सत्कार ठरलेला असतो. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पंगतीची घाई असताना लांबत जाणारी भाषणं. ज्यानं पदरमोड करून गावोगाव हिंडून नावं गोळा केली, त्यालाच खुर्चीत बसवून स्वतःची स्तुती ऐकायला लावतात. त्याला बोलायला उरतात पाच मिनिटं. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात हे अधिक खटकतं, कारण इथं कुलमंडळ उभं करणं मुळातच अवघड.

आपटे, गोखले, लिमये या कोकणस्थ घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले तेव्हा आडनावाचा मोठा आधार होता. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडे आडनावावर भिस्त ठेवून भागत नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनाची नावं. शेजारच्या दोन गावांतले कुलकर्णी भाऊबंद असतीलच असं नाही. बिरादार तर मराठ्यांतही आहेत आणि लिंगायतांतही. म्हणून आधी विचारावं लागतं, मूळ गाव कोणतं आणि कुलदैवत कोणतं: खानापूरचा मैलार की तुळजापूरची भवानी?

त्यात १ नोव्हेंबर १९५६. निजामी राजवटीपासूनचा बीदर जिल्हा त्या दिवशी तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात; जहिराबाद, नारायणखेड आंध्रात; भालकी, हुमनाबाद म्हैसूरला. भालकीच्या चुलत्याची पहाणी कन्नडमध्ये, उदगीरच्या पुतण्याचा सातबारा मराठीत, जहिराबादकडच्या आत्याच्या शेताचे कागद तेलुगूत. आज्याचं नाव तिन्ही कागदांवर वेगवेगळं लिहिलेलं. नशीब, बीदर-भालकी-कमलनगर-उदगीर ही रेल्वे तेवढी तुटली नाही!

अशा घराण्याची वंशावळ जुळवणारा माणूस त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळतो, पूर्वी बैलावर बसून दारी येऊन वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांच्या पोथीतली नावं ताडून पाहतो, आणि मग घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करतो. या तिसऱ्या कामात घाई चालत नाही. सत्कार त्या कामाचा व्हायला हवा, आणि तो शालीनं होत नाही. संस्थापकाची वंशावळीची वही पुढे कोण लिहिणार, हे मेळाव्यातच ठरवावं. नाहीतर संस्थापक गेल्यावर ती वही नातवाच्या माळ्यावर जाते आणि मंडळ दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं उरतं.

वही पुढे लिहिणाऱ्यानं एक दुरुस्तीही करावी. जुन्या वंशावळीत लेकी एक तर गाळलेल्या, नाहीतर लग्नापाशी थांबलेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याबाबतचा उरलासुरला घोळही मिटवला. तरी वारसनोंदीच्या वेळी बहिणींची नावं ‘विसरणारे’ भाऊ तिन्ही राज्यांत आहेत. मंडळाची वही म्हणजे सरकारी दाखला नव्हे, हे खरं. पण जी नावं घरच्या वहीतही नाहीत, ती महसूल खात्याच्या नाडकचेरीत अर्ज करताना आठवायची कुणाला?

भालकी-औरादची नवी पिढी बरेचदा कन्नड शाळेतून पुढे गेलेली. तिच्यासाठी वही कन्नड लिपीतही उतरवावी लागेल, जहिराबादकडच्यांसाठी तेलुगूतही. संस्थापकांना दुपारभर या पोरांमध्ये बसवावं, मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्यावं आणि मानपत्राच्या चौकटीचे पैसे या प्रतींच्या छपाईत घालावेत.