दुसरी पंगत

आमच्या नरडाण्यास फुटबॉलचें वेड आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तापी खोऱ्याच्या रेल्वेवरील एक स्टेशन, मुंबई-आग्रा रस्त्यावरील एक थांबा आणि भोंवतालीं कपाशीचीं शेतें, एवढेंच आमच्या गांवाचें वर्णन पुरे. पोरें क्रिकेट खेळतात आणि आम्ही म्हातारे ओट्यावर बसून पावसाचा हिशेब करतों. असें असतां सन २०२५ च्या कार्तिकांत तुलसीविवाहाच्या निमित्तानें आमचे दोन नातू घरीं आले, आणि पुढें तीन दिवस आमच्या ओट्यावर युरोप व आशिया या दोन्ही खंडांतील चषकांचा खणखणाट चालला होता. त्या वादांत आम्ही आरंभीं श्रोते, मग पंच, व अखेरीस आरोपीही झालों. तो वृत्तांत वाचकांस सांगावा असें वाटतें.

थोरला नातू आमच्या चिरंजीवांचा. वय अठरा, पुण्यास इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षांत नुकताच दाखल झालेला. धाकटा आमच्या कन्येचा. वय सोळा, राहणार मडगांव. थोरला मँचेस्टर युनायटेडचा भक्त, तर धाकट्याचें दैवत घरच्या अंगणांतलें, म्हणजे एफ. सी. गोवा. दोघांचे स्वभाव भिन्न, पण आवाज सारखाच मोठा.

ज्या वाचकांस हें शास्त्र अवगत नसेल त्यांच्यासाठीं थोडें निरूपण केलें पाहिजे. युरोपांतील निरनिराळ्या देशांचे उत्तम संघ ज्या स्पर्धेंत खेळतात ती चॅम्पियन्स लीग. ही पहिली पंगत. तींत ज्यांस पान मिळालें नाहीं अशांसाठीं युरोपा लीग. हिचा आरंभ १९७१ सालीं निराळ्या नांवानें झाला व आजचें नांव तिला २००९ सालीं मिळालें. त्याहून खालच्यांसाठीं २०२१ पासून कॉन्फरन्स लीग नांवाची तिसरी पंगत मांडण्यांत आली. वाद होता तो हा कीं, या दुसऱ्या-तिसऱ्या पंगतीच्या चषकास कांहीं किंमत आहे कीं नाहीं?

थोरल्याचें मत ठाम होतें. तो म्हणाला, “आजोबा, २१ मे २०२५ रोजीं बिल्बाओ शहरीं युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. टॉटेनहॅमनें आमच्या युनायटेडला एका गोलानें हरविलें. पण हे दोघे इंग्लंडच्या साखळींत कितवे होते ठाऊक आहे? वीस संघांत टॉटेनहॅम सतरावा आणि आम्ही पंधरावे! वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरें काय! आणि ज्या गुरुजींनीं टॉटेनहॅमला हा चषक मिळवून दिला, त्यांना सोळा दिवसांच्या आंत नारळ मिळाला. चषकाला किंमत असती तर असें झालें असतें का?”

धाकटा शांतपणें म्हणाला, “दादा, तो सामना आपल्याकडे रात्रीं साडेबाराला सुरू झाला. मग तूं अडीचपर्यंत जागा कशाला होतास?”

थोरला निरुत्तर झाला, असें लिहिण्याचा मोह होतो. परंतु तरुण माणसें निरुत्तर होत नसतात. तो म्हणाला, “जिंकलों असतों तरी मी हेंच म्हटलें असतें.” आम्हांस कोल्ह्याची व द्राक्षांची गोष्ट आठवली. ती दोघांनाही आम्हींच लहानपणीं सांगितलेली असल्यामुळें पुन्हां सांगितली नाहीं.

धाकट्याची बाजूही अगदींच लेचीपेची नव्हती. टॉटेनहॅमला सतरा वर्षांत एकही चषक मिळालेला नव्हता. आणि या दुय्यम म्हणविलेल्या विजयामुळेंच, साखळींत सतरावा येऊनही, त्याला पुढील वर्षीं चॅम्पियन्स लीगमध्यें प्रवेश मिळाला. म्हणजे दुसऱ्या पंगतीस बसलेला मनुष्य तेथूनच उठून पहिल्या पंगतीच्या पाटावर गेला! तिसऱ्या पंगतीचा पहिला चषक २०२२ सालीं तिराना शहरीं रोमा संघानें जिंकला. त्या संघाचे शिक्षक मोरिन्यो यांनीं २००४ व २०१० सालीं थोरला चषक दोन निरनिराळ्या संघांस मिळवून दिलेला होता. तरी त्या रात्रीं त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. चेल्सीनें २०२५ च्या मे महिन्यांत हाच चषक जिंकला, तेव्हां युरोपच्या या तिन्ही स्पर्धा जिंकणारा पहिला क्लब होण्याचा मान त्यास मिळाला. दोन पंगतींचें सुग्रास जेवण जेवलेला मनुष्य तिसऱ्या पंगतींतील भाकरीही आवडीनें खातो, तर त्या भाकरीस अगदींच चव नाहीं असें कसें म्हणावें?

येथवर वाद परक्या मुलखाचा होता. धाकटा नंतर आपल्या घरच्या गोष्टीवर आला, आणि तेथें मात्र आम्ही खुर्ची पुढें ओढली.

आशिया खंडांतही हीच उतरंड आहे. विकसित होऊं पाहणाऱ्या देशांच्या संघांसाठीं २००४ सालीं ए. एफ. सी. कप सुरू झाला. तींत गोव्याच्या धेंपो क्लबनें २००८ सालीं उपांत्य फेरी गांठली, व २०१६ सालीं बंगळूरचा संघ दोहा येथें अंतिम सामन्यापर्यंत जाऊन एका गोलानें हरला. २०२४ पासून आशियाची दुसरी पंगत चॅम्पियन्स लीग टू या नांवानें ओळखली जाते. सन २०२५ च्या ३ मे रोजीं भुवनेश्वर येथें जमशेदपूरला तीन गोलांनीं हरवून गोव्यानें सुपर कप जिंकला. ऑगस्टांत ओमानच्या अल् सीबला फातोर्ड्याच्या मैदानावर नमविलें. आणि या दुसऱ्या पंगतींत आपलें पान मांडून घेतलें. शेजारीं पान कोणाचें? तर सौदी अरबस्तानच्या अल् नस्रचें, म्हणजे साक्षात् क्रिस्तियानो रोनाल्डोच्या संघाचें!

हा सामना २२ ऑक्टोबरला, बलिप्रतिपदेच्या दिवशीं झाला. आमचा धाकटा फराळ आटोपून मैदानावर गेला. रोनाल्डो आला नाहीं.

“पाहा!” थोरला टाळी देऊन म्हणाला. “स्पर्धेला मोल असतें तर तो आला नसता का?”

धाकट्याचें उत्तर आम्ही जसेंच्या तसें देतों: “तो आला नाहीं, पण आम्ही आलों होतों ना? दोन गोल बसल्यावर ब्रायसन फर्नांडिसनें एक परत केला. ब्रायसन आमच्या गोव्याचा. आम्ही २-१ नें हरलों. पण तो गोल झाला तेव्हां माझ्याशेजारीं बसलेले अनोळखी आजोबा मला मिठी मारून रडत होते. त्यांना सांग कीं ही स्पर्धा दुय्यम आहे म्हणून!”

आणि त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटली. हाच गोव्याचा संघ २०२१ च्या एप्रिलांत आशियाच्या पहिल्या पंगतींत बसला होता. गट-साखळीपर्यंत पोहोंचलेला तो पहिलाच भारतीय क्लब. सामने फातोर्ड्यासच झाले, पण महामारीमुळें मैदान प्रेक्षकांवांचून रितें. पहिल्या पंगतीचा मान मिळाला, पण तो पाहावयास कोणी नव्हतें. दुसऱ्या पंगतीस मात्र सारा गांव लोटला. “मला कोणता सामना आठवेल, आजोबा?” असें त्यानें विचारलें.

निवाडा देण्याची पाळी आमच्यावर आली. आम्हीं थोरल्यास विचारलें, “दुय्यम म्हणजे काय?” तो म्हणाला, “उप. उपविजेता, उपप्राचार्य, तसलें सगळें.” आतां ‘उप’ शब्द काढल्यावर आमच्यासारख्या संस्कृताच्या अभिमान्यास गप्प बसवेना. ‘उप’ या उपसर्गाचा एक अर्थ खालचा असा आहे खरा. परंतु दुसरा व अधिक गोड अर्थ जवळचा असा आहे. उपासना म्हणजे जवळ बसणें, उपनयन म्हणजे गुरूच्या जवळ नेणें. आणि खुद्द भगवान् विष्णूचें एक नांव उपेन्द्र आहे. कारण वामनावतारीं तो इंद्राचा धाकटा भाऊ झाला. ज्या बलिप्रतिपदेस हा सामना झाला ती त्याच वामनाची व बळीची आठवण. इंद्राचें गेलेलें राज्य परत मिळवून दिलें तें या उपेन्द्रानें! शिवाय ज्या बळीला पाताळांत जावें लागलें, त्याचेंही नांव वर्षांतून एक दिवस सारा मुलूख प्रेमानें घेतो. तेव्हां वरच्या पाटावर कोण बसला, एवढ्यावरून लोकांच्या मनांतील स्थान ठरत नाहीं.

परंतु सत्य सांगावयाचें तर सगळेंच सांगावें. चषक ही वस्तु अमर नाहीं. आमच्या मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ सालीं सुरू झाला. ड्युरँड चषक व कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड यांच्या बरोबरीनें त्याचें नांव घेत. आरंभीं तो गोऱ्या पलटणींच्याच कपाटांत असे. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकला तेव्हां कोठें तो प्रथम देशी हातांत आला. हैद्राबाद सिटी पोलिसांनीं १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें तो नेला. कूपरेजवर त्या सामन्यांस लोटणाऱ्या गर्दीविषयीं आम्हीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें आहे. पुढें १९९६ सालीं राष्ट्रीय साखळी सुरू झाली, मोठ्या संघांचें लक्ष तिकडे वळलें, आणि २०००-०१ नंतर हा चषक कायमचा बंद पडला. युरोपांतही चषकविजेत्यांचा एक निराळा चषक १९६० च्या सुमारास सुरू होऊन १९९९ सालीं संपला. तो खेळून कोणी मोठा होईना, तेव्हां तो मोडीत निघाला. म्हणजे थोरल्याच्या म्हणण्यांतही तथ्य आहे: केवळ सामने वाढावे व जाहिराती खपाव्या म्हणून मांडलेल्या पंगतीस फार दिवस कोणी बसत नाहीं. चषकाचें मोल धातूंत नसतें. खेळणारे व पाहणारे त्यांत जेवढें मन ओततील, तेवढेंच तें भरतें. आणि मन काढून घेतलें कीं रोव्हर्ससारखा शंभर वर्षांचा चषकही रिता होतो.

मुलांस आमच्या लहानपणच्या पंगती ठाऊक नाहींत. मुंजींत वा श्राद्धपक्षांत पहिली पंगत पाहुण्यांची व वडील पुरुषांची, दुसरी मुलांची, आणि सर्वांत शेवटीं वाढून वाढून दमलेल्या बायकांची. आमच्या मातोश्री एकदांही पहिल्या पंगतीस बसल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. कधीं त्यांच्या पानावर येईपर्यंत आमटी तळाला गेलेली असे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याची आम्हांस आज लाज वाटते. परंतु स्वयंपाक कसा झाला होता हें त्या जेवून उठल्यावर जें सांगत, तोच त्या दिवसाचा अखेरचा निकाल असे. पंगतीचा क्रम लावणाऱ्यांनीं अन्याय केला असेल. अन्नानें केला नव्हता.

हें आम्ही सांगत असतां थोरला एकाएकीं उठून परसांत गेला. रात्रीं सर्व निजल्यावर तो झोपाळ्यावर बसलेला आढळला. आम्ही शेजारीं बसलों. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, “आजोबा, होस्टेलवर माझी बॅग अजून भरलेलीच आहे. मला हवें होतें तें कॉलेज मिळालें नाहीं. जें मिळालें त्याचें नांव कोणी विचारलें तर सांगावेंसें वाटत नाहीं. वर्ष सोडून परीक्षा पुन्हां द्यावी म्हणतों.”

तेव्हां आम्हांस कळलें कीं, तीन दिवस हा मुलगा फुटबॉलविषयीं बोलतच नव्हता. आणि हेंही कळलें कीं, त्याच्या निकालाच्या दिवशीं ‘अरेरे’ हा पहिला शब्द आमच्याच तोंडून निघाला होता.

आम्हीं त्यास उपदेश केला नाहीं. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें कॉलेजची पायरी चढलों नाहीं. घरची स्थिति तशी होती. छत्तीस वर्षें लहान शाळांतून लहान मुलांस शिकविलें. प्रारंभींचीं दोन वर्षें ‘हें आपलें काम नव्हे’ अशा मनानें वर्गावर जात होतों, आणि त्या दोन वर्षांतील एकाही विद्यार्थ्याचें नांव आज आम्हांस आठवत नाहीं. एवढेंच त्यास सांगितलें. मग म्हटलें, “परीक्षा पुन्हां द्यावी कीं नाहीं हें तूं ठरव, तेथें आमचा आग्रह नाहीं. परंतु आज ज्या मैदानावर उभा आहेस तेथील सामना मन घालून खेळ. अर्ध्या मनानें खेळलेला सामना कोणत्याही चषकाचा असो, तो हरल्यांतच जमा.” तो कांहीं बोलला नाहीं. झोपाळ्याच्या कड्या मात्र बराच वेळ वाजत राहिल्या.

त्या वर्षीं आपल्या देशाची मुख्य साखळी व्यापारी कराराच्या घोळांत अडकून वेळेवर सुरूच झाली नाहीं. पहिली पंगत मांडलीच न गेल्यामुळें खेळाडूंस खेळावयास मिळालें तें या दुय्यम चषकांमुळेंच. ७ डिसेंबर २०२५ रोजीं गोव्यानें पेनल्टींवर ईस्ट बंगालचा पराभव करून सुपर कप पुन्हां जिंकला. धाकट्याचा आनंदाचा फोन आला तो अपेक्षितच होता. पण त्याच्या मागोमाग पुण्याहून थोरल्याचाही आला. तो म्हणाला, “आजोबा, सामना पाहिला. आणि बॅग रिकामी केली.”

पुन्हां परीक्षेचा अर्जही त्यानें भरला आहे, असें मागाहून कळलें. त्यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. पहिल्या पंगतीची वाट पाहणें हा कांहीं अपराध नव्हे. समोर वाढलेल्या पानाकडे पाठ फिरविणें हा मात्र अन्नाचा अपमान आहे.