दवाखान्याच्या ओसरीवरून : हलणाऱ्या शेताचा नकाशा



एका सूनबाईंचे पत्र आले आहे. सासऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार झाले, पण आता यकृतात गाठ दिसते. शहरातले डॉक्टर म्हणतात, पोट न फाडता दुर्बिणीने काढू, आत यंत्र वाट दाखवील. बाई विचारतात, "हात आत न घालता गाठ सापडते कशी? आणि यंत्र चुकले तर?"

शंका रास्त आहे. बोकडाची कलेजी ज्यांनी चिरली असेल त्यांना ठाऊक आहे, ती वरून सगळी एकसारखी दिसते; आत मात्र रक्ताच्या नि पित्ताच्या नळ्यांचे जाळे असते. क्विनो या फ्रेंच शल्यविशारदाने १९५७ साली या नळ्यांवरून यकृताचे आठ भाग पाडून दाखवले. शेताचे वाफे पाटावरून ओळखावेत, तसे. गाठ कोणत्या वाफ्यात आहे ते कळले, की तेवढेच काढता येते. चुकून मोठी शीर कापली गेली, तर रक्त आवरणे कठीण.

म्हणून आधी सीटी स्कॅन काढतात. त्यावरून संगणक यकृताचे चित्र उभे करतो आणि ते शस्त्रक्रियेच्या वेळी पडद्यावर दाखवतो. खरी अडचण इथेच आहे. तलाठ्याच्या नकाशातली जमीन जागची हलत नाही, यकृत हलते! दुर्बिणीसाठी पोटात वायू भरून ते फुगवतात, रोग्याला कलते निजवतात, श्वासागणिक यकृत खालीवर होते. कालचा नकाशा आज तंतोतंत बसत नाही. म्हणून सर्जन सोनोग्राफीची बारीक दांडी थेट यकृतावर टेकवून गाठ आणि शिरा तिथल्या तिथे पाहतो. गरोदर बाईची करतात, तीच ही सोनोग्राफी. एक हिरवे औषधही आहे. एका वाफ्याचे रक्त अडवून ते शिरेतून सोडले, की विशेष कॅमेऱ्यात बाकीचे यकृत चमकते आणि तेवढाच वाफा काळा राहतो.

तेव्हा बाई, यंत्र फक्त वाट दाखवते. कापतो तो माणूसच. मध्येच पोट उघडावे लागले, तर डॉक्टर हरले असे समजू नका.

नॉर्वेतील ऑस्लो येथे अशाच २८० रोग्यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. पोट उघडलेल्यांपैकी शेकडा ३१ जणांना, तर दुर्बीणवाल्यांपैकी १९ जणांना पुढे त्रास झाला. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण मात्र दोहोंकडे जवळजवळ सारखेच निघाले. ही परीक्षा दुर्बिणीची होती, नकाशाच्या यंत्राची नव्हे. नवे यंत्र आहे एवढ्यावरून दवाखाना निवडू नये, असे मला वाटते.

सर्जनना विचारा: यकृताच्या अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? आत सोनोग्राफी करता का? किती यकृत उरेल? निरोगी यकृत कापल्यावर पुन्हा वाढते, पण दारूने सुकलेले तसे भरून येत नाही. सासऱ्यांना सवय असेल तर लाजेपायी लपवू नका. आणि जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, स्कॅनची सीडीही बरोबर घ्या.