अडीचशेचा आकडा

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आता नवलाची राहिलेली नाहीत. परंतु तसलेच यंत्र घराच्या माळ्यावर उभे राहिले की लहानथोर सारेच भोवती जमतात. आमच्या पुतण्याने तापलेल्या तारेने फोम कापणारे यंत्र रचले व आर्डुइनो बोर्डावर ‘जीआरबीएल’ ही मोफत मिळणारी प्रणाली चढविली. तारेस १०० मिलिमीटर चालावयास सांगितले, तो ती ६२.५ वरच थांबली! मोटार सदोष म्हणून आम्ही दुकानदारास खरमरीत पत्र लिहावयास बसलो.

मुलाने मात्र हिशेब मांडला. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावले. ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ भाग करतो, म्हणजे ३,२००. स्क्रूच्या एका फेऱ्यात चाल ८ मिलिमीटर. तेव्हा दर मिलिमीटरास ४०० पावले हवीत. प्रणालीत मूळचा २५० हा आकडा तसाच राहिला होता. तो बदलताच माप तंतोतंत जुळले.

पत्र आम्ही मुकाट्याने फाडले. वाचकांस इतकेच सुचवितो, की अशा उद्योगी मुलांना माळा द्यावा, फोमचा धूर बाधतो म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि दोष देण्यापूर्वी पट्टी लावून पाहावी.